आक्काचा बेल

आक्का, कावळ्यानं जरा तरी थांबायला पाहिजे होतं.

दहाव्याला ओढ्याच्या काठाला सगळे जमलो होतो. उन्हं तापायच्या आत उरकायचं म्हणून भटजींची घाई चाललेली. पिंड मांडला, पाणी फिरवलं, मी दोन पावलं मागं सरलो आणि हात जोडून तोंड उघडणार, तेवढ्यात समोरच्या बाभळीवरनं कावळा उतरला आणि शिवलाबी. लोक म्हणाले, भाग्याची बाई, कशात जीव अडकला नव्हता तिचा. माझी बायको कुसुम पदरानं डोळे पुसत म्हणाली, सुटल्या हो आक्का. सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र राग आला. तुझाच राग आला.

आपल्या अण्णांच्या वेळचं आठवतं का? कावळ्यानं दोन तास उन्हात उभं केलतं. मेलेल्या माणसाची जी इच्छा राहिली असेल ती कुणीतरी बोलून दाखवायची, पुरी करतो म्हणून कबूल करायचं, मग तो शिवतो. म्हणून एकेक जण पुढं होऊन कबूल करत होता. विहिरीचा गाळ काढू, देवळाला कळस चढवू, काय वाट्टेल ते. कावळा ढिम्म. शेवटी तू बायकांतनं मोठ्यानं म्हणालीस, "अण्णा, म्हातारी म्हैस इकणार न्हाई," आणि लगेच शिवला. सगळे रडता रडता हसले होते.

तेच मनात धरून मी दहा दिवस वाक्य पाठ केलं होतं. कावळा थांबणार, लोक माझ्याकडं बघणार आणि मी चारचौघांत म्हणणार, आक्का, तुझं झाड म्या कापलं, दवाखान्यात तुला खोटं सांगितलं, माझं चुकलं. पुढं आणखी एक होतं, त्याहून जुनं. तेबी बोलणार होतो. तू बोलूच दिलं नाहीस. जिवंतपणीबी तुझी हीच खोड. मी भांडायला यावं आणि तू उठून भांडी घासायला लागावं. आता भांडी तरी कुठली घासतेस?

आज रविवार. तेरावा परवा झाला. तुझ्या न्हाणीजवळ, त्या झाडाचं जे काय उरलंय त्याच्या शेजारी पाट टाकून बसलोय. गुडघ्याएवढा खुंट राहिलाय. त्याच्यावर दोन गोष्टी फुटल्यात. एक मी मोसंबीच्या फांदीवरनं सालीसकट काढून बसवलेला डोळा, गव्हाच्या दाण्याएवढा होता, आता बोटभर कोंब झालाय. आणि त्याच्या खाली तुझे फुटवे, सात, तीन तीन पानांचे, काट्यासकट. दोन्ही जगत नसतात. फुटवे मोडले नाहीत तर ते सगळं पाणी ओढतात आणि डोळा वाळून जातो. चाळीस वर्षं मी ही नर्सरी चालवतोय, रोज सकाळी अंगठ्यानं असे फुटवे मोडत आलोय, हात आपोआप जातो. गेल्या चार दिवसांत तीनदा हात नेला आणि मागं घेतला. उद्यापर्यंत ठरवावं लागेल.

तुला सगळं माहीत आहे, तरी सांगू दे. मधी बोलू नको.

अकरा वर्षांमागं आमी दहा-बारा नर्सरीवाले हिमाचलात फळबागा बघायला गेलतो. बर्फ वितळून गेलेला, सफरचंदाला पालवी फुटलेली, आणि एका बागेच्या कुंपणाला हे ठेंगणं झुडूप. हिरव्यागार फांद्या, बोटाएवढे काटे. तिथला माळी म्हणाला, ही संत्र्याचीच एक रानटी जात, बर्फातबी मरत नाही, मूळ कुजत नाही. आपल्याकडं मोसंबीला खाली जंबेरीचा नाहीतर रंगपुरी लिंबाचा खुंट लावतात, म्हणजे मूळ रानटी झाडाचं आणि वर डोळा मोसंबीचा. मला वाटलं, असला खुंट नेकनुरातच काय, सगळ्या बीड जिल्ह्यात कुणाकडं नसणार. सहा रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली. रेल्वेत रातभर मांडीवर घेऊन बसलो होतो.

उन्हाळा त्यांनी सावलीत कसाबसा काढला. आणि पुसाच्या थंडीत एका आठवड्यात सहाच्या सहा रोपांची पानं गळून गेली. लिंबाच्या जातीचं झाड हिवाळ्यात बोडकं होतं हे मी जन्मात बघितलं नव्हतं. मोसंबीचं पान असं गळालं की झाड गेलं समजायचं. मी ती उपटली आणि पाणी तापवायच्या चुलीपाशी नेऊन टाकली. तू आंघोळीचं पाणी ठेवत होतीस. पाच लावली चुलीत, सहावं हातात घेतलंस आणि नखानं साल खरवडलीस.

मला हाक मारून म्हणालीस, ओलं हाय की रे हे. मी म्हणालो, मेलंय ते, जाळ. तू जाळलं नाहीस. न्हाणीच्या पाण्याच्या वाटेला खड्डा करून लावलंस आणि वर पऱ्हाट्यांची सावली केलीस. मी कुसुमला म्हणालो, आमच्या आक्काला मेलेल्या काटक्या पुरायचा नाद लागला. शिमग्याला त्या काटकीला तीन तीन पानं फुटली.

म्हणजे झोपलेली पाच झाडं मी जिवंत जाळली होती, आणि ते झोपतं हे जिल्ह्यातल्या मोठ्या नर्सरीवाल्याला कळलं नाही, चुलीपुढं बसलेल्या बाईला कळलं. हे मी कधी कबूल केलं का? नाही. तू कधी काढलंस का? तेबी नाही. काढलं असतंस तर बरं झालं असतं, एकदाचं भांडून मोकळं झालो असतो.

तीन पानं, काटे, म्हणून तू त्याला बेल म्हणायला लागलीस. झाड कमरेला आलं तेव्हा सोमवारी त्याची पानं तोडून महादेवाला न्यायला लागलीस. मी तुला घरात दोनदा सांगितलं की बेल नाही. तू म्हणालीस, बरं. आणि पुढच्या सोमवारी परत नेलीस. वर्षभर चाललं. मग एक दिवस गुरवाला शंका आली. मी रोपांची गाडी घेऊन देवळावरनं चाललो होतो, त्यानं हाक मारून थांबवलं. श्रावण होता, पायरीवर बायकांची ही गर्दी. तू हातात पानं घेऊन उभी. गुरव म्हणाला, दिगंबर, तुमी जाणते, तुमीच सांगा, ह्यो बेल हाय का?

मी हसलो. गाडीवर बसूनच म्हणालो, "कशाचा बेल! रानटी लिंबाचा खुंट हाय तो. आमच्या आक्काचं काय ऐकता तुमी?"

बायका हसल्या. गुरवानं तुझी पानं उचलून बाजूला कट्ट्यावर ठेवली. तू ती परत ओच्यात घेतलीस, माझ्याकडं बघितलं नाहीस आणि चालत घरी गेलीस. संध्याकाळी मला भाकरी वाढलीस, नेहमीसारखी. पण त्या दिवसापासनं मला 'दिगू' म्हणायची बंद झालीस. आठ महिने मी 'अहो ऐका' होतो. कुसुम हसून लोळायची, म्हणायची, तुमची बहीण तुमाला नवऱ्यावाणी हाक मारती.

त्याच्या पुढच्या वर्षी तू परळीला जायचं काढलंस. बसनं गेलो, तू, मी आणि कुसुम. वैजनाथाच्या पायऱ्यांवर चढताना तू पाच-सहा ठिकाणी बेल विकत घेतलास, एवढा कशाला म्हणून मी कुरकुर केली. आत गाभाऱ्यात अंगाला अंग लागेल अशी गर्दी, बेलाचा ढीग पिंडीवर, त्यात तू ओच्यातनं आपली पानं काढून हळूच सरकवलीस. मी बघितलं. गुरवाला, पुजाऱ्याला, कुणाला पत्ता नाही. बाहेर आल्यावर तुझं तोंड असं फुललेलं होतं. म्हणालीस, "घेतलं बघ देवानं. दिगू, चल, च्या पाज." आठ महिन्यांनी दिगू म्हणालीस. मी दोन कप चहा पाजला आणि वर भजीबी. चहात राखेची चव होती, परळीच्या हवेत वीज केंद्राची राख असतेच, पण तेवढा गोड चहा मी कधी प्यायलो नाही.

ते लोणचं तर विसरूच शकत नाही. झाडाला लिंबाएवढी केसाळ पिवळी फळं लागली, आत नुसत्या बिया आणि कडू जहर. तू त्याचं लोणचं घातलंस. घरात कुणी तोंडाला लावेना. हट्ट तुझा, म्हणून तू रोज खायचीस, आणि हट्ट माझा, म्हणून मीबी रोज खायचो आणि बरं झालंय म्हणायचो. दोघांची तोंडं वाकडी. बरणी अजून फळीवर आहे, निम्मी. काल बोट बुडवून चाटलं. लई कडू आहे, आक्का.

आता जुनं काढतो. टाळत होतो.

मी एकोणीसचा होतो, तू बावीसची. सासरनं, नांदूरघाटहून, तू पहिल्यांदा निघून आलीस तेव्हा पाठीवर वळ होते. आईनं हळद लावली आणि अण्णांनी पंधरा दिवसांनी मला सांगितलं, पोचवून ये. मी पोचवलं. दुसऱ्यांदा आलीस, अण्णा परत म्हणाले पोचवून ये, मी परत पोचवलं. बसमध्ये तू खिडकीकडं तोंड करून बसली होतीस आणि एकदाच म्हणालीस, दिगू, तिथं कुणी इचारलं तर खरं सांग. मी हां म्हणालो.

तुझ्या सासूनं अंगणातच उभं केलं. शेजारपाजारच्या बाया, चुलत सासरे, दहा-पंधरा माणसं. ती म्हणाली, हिच्या अंगाला कुणी हात लावला न्हाई, ही माहेरात जाऊन खोटं सांगती. तुमी भाऊ हाय, तुमीच सांगा चारचौघांत, तुमची बहीण खोटं बोलती का न्हाई? मी तुझ्या पाठीवरचे वळ माझ्या डोळ्यांनी बघितले होते. आणि मी म्हणालो, "आसंल. तिचा सभाव जरा हट्टी हाय."

हे शब्द माझे आहेत. अण्णांनी शिकवलेले नव्हते. घाबरलो होतो म्हणावं तर तेबी खरं नाही, मला शेवटची बस पकडायची होती.

तिसऱ्यांदा तू एकटी आलीस, पिशवी न्हाणीजवळ ठेवलीस आणि परत गेली नाहीस. अण्णा वर्षभर बोलले नाहीत तुझ्याशी. तू त्यांच्या म्हशी सांभाळल्यास, आईचं दुखणं काढलंस, माझं लग्न झालं, कुसुमची दोन बाळंतपणं केलीस. माझ्या नर्सरीत पिशव्या भरल्यास, हजारो. नांदूरघाट हा शब्द ह्या घरात कुणी काढला नाही. कलमाच्या मजुरांपैकी कुणी त्या गावचा असला तर मी त्याला दुसऱ्याच दिवशी काढायचो, आणि का ते कुणाला सांगायचो नाही. तुझ्यासाठी करतोय असं वाटायचं. माझ्यासाठीच करत होतो.

मग मधला दुष्काळ. विहीर तळाला गेली. ज्या मोसंबीच्या झाडांवरनं मी डोळे घ्यायचो ती वीस वर्षांची झाडं डोळ्यांदेखत वाळली. मी दिवसभर रानात जाऊन नुसता बसायचो. आणि न्हाणीजवळचं तुझं झुडूप भांड्याच्या खरकट्या पाण्यावर हिरवंगार उभं. तेव्हापासनं माझ्या डोक्यात किडा शिरला. ह्या मुळावर मोसंबी बसवली पाहिजे. तुला विचारलं. तू म्हणालीस, त्याचा शेंडा कापावा लागंल ना? मी म्हणालो, हां, कापावाच लागतो. तू म्हणालीस, मग नको. मी दर वर्षी विचारायचो, तू दर वर्षी नको म्हणायचीस. मी चिडून म्हणायचो, फळ कडू, पान देवाला चालत नाही, काट्यानं धोतर फाटतंय, कशाला पाहिजे हे? तू म्हणायचीस, "ते त्याचं त्याला बगू दे की. तुझं काय खातंय?"

यंदा शिमग्याच्या आधी तुला धाप लागली आणि बीडला दवाखान्यात नेलं. झाडाला तेव्हा कळ्या आल्या होत्या. फांद्या बोडक्या आणि त्यावर पांढऱ्या कळ्या, ह्या झाडाची तऱ्हाच तशी, आधी फूल मग पान. झाडात रस चढला होता, साल सुटत होती. डोळा भरायला ह्यापेक्षा चांगला दिवस नाही, आणि तू घरी नव्हतीस.

तिसऱ्या दिवशी मी करवत आणली. सगळ्या फांद्या कापल्या, एक सरळ दांडा ठेवला, त्यात मोसंबीचा डोळा भरला आणि पट्टी बांधली. कळ्यांसकट फांद्या ओढ्यात नेऊन टाकल्या. आक्का घरी आल्यावर तिला गोड मोसंबी खायला घालू, तिच्याच झाडाची, असं मनाला सांगितलं. खोटं कावून बोलू आता? एवढी वर्षं तू नको म्हणालीस म्हणूनच कापलं. कुसुम दारात उभी होती. एकच वाक्य म्हणाली, त्यांना काय सांगणार? मी म्हणालो, तू गप.

त्याच दुपारी बसनं बीडला आलो. तू माझ्या हातांकडं बघितलंस. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले, काटा लागला की तिथं सूज येते. म्हणालीस, हात कशानं फाडून घेतलास? मी म्हणालो, डाळिंबाच्या छाटणीनं. तू उशाशी ठेवलेली खोबरेल तेलाची बाटली घेतलीस आणि सलाईनच्या हातानं मला तेल लावलंस. मग विचारलंस, "फुलं आली का रे झाडाला?"

"आली की. लई आली, पांढरी फेक," मी म्हणालो.

त्यानंतर रोज विचारायचीस. पाणी घातलं का, मुंग्या लागल्या का, कळी गळती का. मी रोज सांगायचो. एवढं खोटं मी गिऱ्हाइकाशीबी कधी बोललो नव्हतो. सतराव्या दिवशी पट्टी सोडली, डोळा हिरवा होता, लागला होता. मी वरचा शेंडाबी छाटून टाकला. खरं सांगतो, त्या वेळी मला आनंद झाला होता. हात चांगला लागला की होतोच. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, एक फूल आण की उद्या. किती दिवस झालं वास घेतला न्हाई.

आता फूल कुठनं आणू? नर्सरीच्या कोपऱ्यातल्या कागदी लिंबाला फुलं होती. त्याचा एक झुबका खुडला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि बसनं आणला. चाळीस वर्षं झाडाचं पान बघून जात सांगणारा माणूस मी. त्या झुबक्याला पान चिकटलेलं राहिलं आणि मला दिसलं नाही.

तू फडकं उलगडलंस. फूल नाकाला लावलंस. मग ते पान दोन बोटांत धरून फिरवलंस, उलटंसुलटं. बाजूच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा मोसंबी सोलत होता, त्याचा वास सगळ्या खोलीत. मला वाटलं, काही बोलणार नाहीस तू, नेहमीसारखी.

"दिगू," तू म्हणालीस, "हे एका पानाचं हाय."

मी म्हणालो, असंल एखादं. तू मान हलवलीस. फूल परत फडक्यात ठेवलंस आणि उशीखाली सरकवलंस. मी उठायला लागलो, बस गाठायची म्हणालो. तेव्हा तू माझं मनगट धरलंस. त्या वाळक्या हातात एवढा जोर कुठनं आला होता कोण जाणे.

म्हणालीस, "ते बेल न्हाई हे मलाबी ठावं हाय रे. बेलाला वास येगळा. ह्याचं पान चुरगाळलं की लिंबू येतं नाकात. मी काय येडी हाय?"

मी विचारलं, मग एवढी वर्षं कशाला भांडलीस?

"मी कुठं भांडले? गुरवानं तुला इचारलं. नांदूरघाटलाबी तुलाच इचारलं व्हतं. तू येकदा म्हणला असतास, आमची आक्का खोटं बोलत न्हाई, तर बास व्हतं मला. मग बेल असू दे न्हाईतर बाभूळ असू दे."

बेचाळीस वर्षांनी तुझ्या तोंडून नांदूरघाट ऐकलं. मी तुझा हात सोडवला. सोडवला, आक्का. म्हणालो, बस जाईल. आणि गेलो. बसमध्ये नेकनूर येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसलो. उद्या बोलू, उद्या सगळं सांगू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तुला ऑक्सिजन लावला होता आणि तिसऱ्या दिवशी पहाटे फोन आला. उशीखालचं फडकं नर्सनं तुझ्या सामानात बांधून दिलं. फुलं काळी पडली होती, पान तेवढं हिरवं होतं.

म्हणून म्हणतो, कावळ्यानं थांबायला पाहिजे होतं. तू मला माफ केलंस म्हणून तो लगेच शिवला, का माझ्याकडनं काही होणार नाही हे तू धरूनच चालली होतीस म्हणून? लोक पहिलं म्हणतात. मला रोज दुसरं वाटतं.

*

सोमवार, दुपार.

सकाळी कलमाचा चाकू घेऊन झाडापाशी गेलो. कुसुम चहा घेऊन आली, तिला वाटलं फुटवे मोडायला बसलोय. मी चाकू मोसंबीच्या कोंबाच्या बुडाशी घातला आणि डोळा सालीसकट उचलून काढला. लागलेला डोळा मी आयुष्यात कधी काढला नव्हता. कुसुम म्हणाली, जिता डोळा काढताय? मी हां म्हणालो. ती म्हणाली, मग येवढं झाड कापलं कावून? तिनं चहा खाली ठेवला आणि आत निघून गेली. बरोबर केलं तिनं.

फुटव्यांवरची तीन पानं खुडली. काटा अंगठ्यात शिरला, आत मोडला, अजून आतच आहे. तसाच देवळात गेलो. तुझ्या वेळेला, सातच्या आसपास. पायरीवर बायका होत्या, त्यातल्या दोघी-तिघी त्या श्रावणातल्या. गुरव आता म्हातारा झालाय पण डोळे पक्के आहेत. मी पानं पुढं केली.

"बेल हाय," मी म्हणालो.

त्यानं एक पान उलटं करून बघितलं, चुरगाळून हुंगलं आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाला, दिगंबर, तुमीच तर सांगितलं व्हतं की ह्यो खुंट हाय. समद्यांच्या देखत सांगितलं व्हतं. बायका थांबल्या. एकीनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. नांदूरघाटच्या अंगणातल्यासारखीच सगळी माझ्या तोंडाकडं बघत होती. फरक एवढाच की आज मला कुठलीच बस पकडायची नव्हती.

"तवा म्या चुकीचं बोललो," मी म्हणालो. आवाज चढला असावा, कारण पायरीखालच्या बायकासुद्धा वर बघायला लागल्या. "आमची आक्का खोटं बोलत न्हाई."

 गुरवानं उरलेली दोन पानं तांब्यातल्या पाण्यानं धुतली आणि बेलपान ठेवतात तशी पालथी पिंडीवर ठेवली. कट्ट्यावर नाही, पिंडीवर. मी पायरीवर येऊन बसलो आणि सगळ्यांच्या देखत रडलो. लई रडलो.

येवढंच वाक्य होतं, आक्का. म्हणायला दोन श्वास लागतात.